पेंचच्या जंगलातल्या महामार्गाखालून वाघ खरंच जातात का? आणि तेवढ्याने भागतं का?

जातात. राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या महाराष्ट्रातल्या टप्प्यात असे नऊ मार्ग आहेत, ५० मीटरपासून ७५० मीटर रुंदीचे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत २०१९ मध्ये ११ वाघ तिथून जाताना टिपले गेले. चितळ, रानडुकरं तर सर्रास. सगळा खेळ रुंदीचा आहे. अंधाऱ्या, अरुंद मोरीत हरणं शिरायला बिचकतात. वर गाड्यांचा उजेड आणि आवाज अडवणाऱ्या भिंतीही हव्यात.

पण भागत नाही. चंद्रपूर-गोंदिया रेल्वेमार्गावर नोव्हेंबर २०१८ मध्ये जुनोण्याच्या जंगलात वाघाचे तीन बछडे गाडीखाली गेले. भरलेली मालगाडी ब्रेक लावल्यावर जागच्या जागी थांबत नाही, म्हणून रात्रीचा वेग कमी करणं आणि वळणावरची झुडपं काढणं हे तातडीचे उपाय.

मला जास्त भीती तारांची वाटते. विदर्भात रानडुकरांपासून पीक वाचवायला काही जण धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बायंडिंग तार ओढतात आणि अंधार पडला की विजेच्या लाइनवर आकडा टाकून तिच्यात करंट सोडतात. मरतो वाघ, कधी शेजारचा शेतकरीसुद्धा. नुसत्या धाडी घालून हे थांबणार नाही. नुकसानभरपाई वेळेवर मिळाली तर आकडा टाकायची गरज कमी होईल. सौर कुंपणात करंट क्षणभराच्या झटक्यांनी येतो, जनावर दचकून मागे फिरतं. राज्य सरकारच्या जनवन विकास योजनेत त्याला अनुदान आहे. मात्र त्याच तारेला घरची लाइन थेट जोडली, तर तेही तितकंच जीवघेणं.