घरच्यांसोबत योग सुरू करताय? आधी एवढंच सांभाळा

ताई, वन बीएचकेत चौघांना जागा कशी पुरणार, ही काळजी सोडा. आमच्या दादरच्या घरात टीपॉय पलंगावर चढवला आणि दोन सतरंज्या अंथरल्या की भागतं. वेळ मात्र एकच ठरवा. वीस मिनिटं पुरेत. ताडासन (ताठ उभं राहणं), मार्जारासन (हात-गुडघ्यांवर मांजरासारखी पाठ वर-खाली करणं), भुजंगासन (पालथं पडून छाती उचलणं) आणि शेवटी शवासन (उताणं, सैल पडून राहणं), बस्स.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळ्यांकडून सारखंच करून घेणं. सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसूनच हात वर घेऊ देत. पुढे वाकताना मुलांची बोटं पटकन जमिनीला टेकतात, आपली नडगीपाशीच अडकतात. तिथेच थांबायचं, गुडघे किंचित सैल सोडायचे, झटका मुळीच द्यायचा नाही. वाकताना श्वास सोडा, उठताना घ्या. पहिल्या महिन्यात एवढं जमलं तरी मला फार आनंद होईल.

आणखी काही चुका टाळा:

- भरल्या पोटी आसनं. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या.
- शवासन गाळून लोकल पकडायला धावणं. पाच मिनिटं पडून राहाच.
- व्हिडिओ बघून शीर्षासन. रक्तदाब किंवा मानेचं दुखणं असेल तर अजिबात नको.

शक्य असेल तर सुरुवात शिक्षकासमोर करा. योगगुरू श्री योगेंद्रजींनी १९१८ साली स्थापन केलेली ‘द योगा इन्स्टिट्यूट’ ही संस्था सांताक्रूझला आहे, तिथे चौकशी करा. प्राणायामातल्या कुंभकाची, म्हणजे श्वास रोखून धरण्याची, घाई नको, त्याबद्दल नंतर बोलू. उद्या सकाळी फक्त सतरंजी अंथरा.