जी६पीडीचा रिपोर्ट 'नॉर्मल' आला म्हणून गोळी पुन्हा सुरू करू नका

व्हायवॅक्स मलेरियासाठी प्रायमाक्विन सुरू केल्यावर आपल्या भावाची लघवी तिसऱ्या दिवशी कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले, हिमोग्लोबिन १३ वरून ७ वर आले आणि तरीही जी६पीडी (तांबड्या पेशींना जपणारे एन्झाइम) नॉर्मल आल्यामुळे तीच गोळी पुन्हा सुरू करण्यास सांगितले आहे, हे वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही. माझ्या मुलाचे अगदी असेच झाले होते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे केवळ अनुभवाचे बोल समजावेत.

बिलिरुबिन (कावीळ दाखवणारे पिवळे द्रव्य) ९, त्यातले ८ इनडायरेक्ट, म्हणजे यकृताने प्रक्रिया न केलेले, आणि एसजीपीटी ही यकृताची तपासणी नॉर्मल, हे आपण दिलेले आकडे यकृताच्या आजाराकडे नव्हे, तर तांबड्या पेशी फुटण्याकडे बोट दाखवतात. लघवीचा तो काळपट रंगही फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेल्या हिमोग्लोबिनचा असतो. इनडायरेक्ट बिलिरुबिन लघवीत उतरतच नाही. त्यामुळे काविळीसाठी म्हणून गळ्यात माळ घालणे, नाकात औषध सोडणे किंवा तेल-हळद बंद करणे यांत वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता त्या रिपोर्टविषयी. ज्या रुग्णालयात आम्ही होतो, तिथे ऐन रक्त फुटत असतानाच तपासणी झाली, ती नॉर्मल आली आणि डिस्चार्ज कार्डावर 'जी६पीडी नॉर्मल' असे लिहून विषय मिटवण्यात आला. वास्तविक या एन्झाइमची उणीव असलेल्या माणसात जुन्या पेशींमध्ये ते सर्वांत कमी असते, म्हणून त्याच आधी फुटतात. मागे उरतात त्या तरुण पेशी आणि नव्याने आलेल्या रेटिक्युलोसाइट (अगदी कोवळ्या तांबड्या पेशी), ज्यांत ते तुलनेने जास्त असते. अशा वेळी मोजमाप फसवे येऊ शकते, आणि रक्त चढवले असेल तर दात्याच्या पेशींचेही एन्झाइम त्यात मोजले जाते. साधारण तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करा, एवढे एक वाक्य त्या कार्डावर असते, तर पुढच्या वर्षी लघवीच्या संसर्गासाठी मुलाला नायट्रोफ्युरँटॉइन हे अशा माणसांचे रक्त फोडू शकणारे औषध दिले गेले नसते आणि रक्त चढवण्याची वेळ आली नसती. आम्ही नंतर विचारायला गेलो, तेव्हा खिडकीवरच्या माणसाने तोच कागद आमच्यापुढे सरकवून 'नॉर्मल'वर बोट ठेवले. त्याचा संताप आजही जात नाही. प्रायमाक्विनने ज्यांचे रक्त फुटत होते अशा लोकांचा अभ्यास करतानाच 1956 मध्ये अमेरिकेत ही उणीव सापडली. म्हणजे याच गोळीच्या बाबतीत तरी हे कोणाला नवे असू नये.

तेव्हा पुढची गोळी देण्याआधी हिमॅटॉलॉजिस्टना (रक्तविकारतज्ज्ञांना) दाखवावे. रेटिक्युलोसाइट काउंट, एलडीएच (पेशी फुटल्या की वाढणारे एन्झाइम), डायरेक्ट कूम्ब्स (शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशींवर हल्ला करते आहे का, ते पाहणारी तपासणी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) झाले आहेत का, ते विचारावे. कूम्ब्स पॉझिटिव्ह आली तर कारण आणि उपचार दोन्ही वेगळे असतात. उणीव असलेल्यांसाठी प्रायमाक्विन आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, देखरेखीखाली देण्याची पद्धत आहे, पण तो निर्णय डॉक्टरांचाच.

जाता जाता, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या आजच काढून टाका; नॅफ्थलिनने अशा माणसांचे रक्त फुटते, आणि तान्ह्या बाळांना तर जास्तच धोका असतो. हा दोष मुलाकडे आईकडून येतो, म्हणून भावाचे निदान पक्के झाल्यास आपली आणि मावसभावंडांचीही तपासणी करून घ्यावी.