गावच्या पाणी समितीला हिशेब कसा विचारायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव मुरबाड तालुक्यात, तुम्ही नोकरीसाठी ठाण्यात. जल जीवन मिशनची योजना कागदावर पूर्ण झाली, टाकी उभी आहे, दारात नळ आहे, पाणी मात्र आठवड्यातून एकदा. समितीला हिशेब विचारला तर "तू गावात राहतोस का?" असं ऐकावं लागतं.

आधी एक बघा, तुमचं नाव कुठल्या मतदार यादीत आहे? गावच्या यादीत नाव असलेलाच ग्रामसभेचा सदस्य. माझ्यासारखं तुमचंही नाव ठाण्याच्या यादीत गेलं असेल, तर तो माणूस कितीही आगाऊ बोलला तरी ग्रामसभेपुरतं त्याचं बरोबर आहे. मग तिथे आईने, भावाने, वहिनीने विचारायचं आणि आपण मुद्दे काढून द्यायचे. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र तुम्ही ठाण्यात बसूनही करू शकता, त्याला गाव लागत नाही.

मी कळव्यात राहतो, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघतो. गाव शहापूर तालुक्यात. आमच्या सोसायटीचा खजिनदारही मीच, कारण दुसरं कुणी तयार झालं नाही. तिथे पंपाच्या बाराशे रुपयांच्या बिलावर तासभर भांडण चालतं. गावात लाखांची योजना झाली तेव्हा माझ्यासकट एकानेही पावती मागितली नव्हती. का, ते फार उशिरा लक्षात आलं. आमची लोकवर्गणी ठेकेदाराने भरली होती.

नियम असा आहे की गावातल्या कामाच्या खर्चाचा 10 टक्के वाटा गावाने उचलायचा. डोंगराळ किंवा जंगलातलं गाव असेल, किंवा निम्म्याहून जास्त वस्ती अनुसूचित जाती-जमातींची असेल, तर 5 टक्के. रोख नसेल तर वस्तू किंवा श्रमदानही चालतं. आमच्याकडे वर्गणीचा विषय निघाला तेव्हा ठेकेदार म्हणाला, "गरीब माणसं कुठून भरणार, मी बघतो." टाळ्या पडल्या, शाल-नारळ झाला. पुढे पावसाळ्याआधी घाईघाईत पाइप वीतभर खोलीवर टाकले गेले. काका बघून आले आणि त्याला म्हणाले, हे बैलगाडीखाली फुटणार. तो शांतपणे म्हणाला, "काका, तुमचे यात किती गेलेत?" काका गप्प घरी आले. मी तिथे असतो तर मीही गप्पच बसलो असतो.

म्हणून "किती लाख आले" हा तुमचा दुसरा प्रश्न असू द्या. पहिला असा: लोकवर्गणी कुणी भरली, पावती पुस्तक दाखवा. घरोघरची नावं आणि रक्कम दिसली तर गाव जागं आहे. एकाच दिवशी, एकाच अक्षरात सगळ्या पावत्या फाडलेल्या दिसल्या तर काय ते समजा.

आता समितीवर फार आगपाखड करण्याआधी पैसा कुठून कुठे गेला ते पाहा. जागतिक बँकेच्या मदतीने 2003 ते 2009 मध्ये राज्यात जलस्वराज्य प्रकल्प झाला. त्यात हप्ते गावच्या समितीच्या खात्यावर यायचे, काम गावच करून घ्यायचं, आणि हिशेब तपासायला गावातलीच सामाजिक लेखापरीक्षण समिती असायची. तिथेही हात मारणारे होतेच, पण वही गावात होती. 2019 मध्ये आलेल्या जल जीवनमध्ये आपल्याकडे निविदा आणि ठेकेदाराची बिलं बहुतेक जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागातूनच निघतात. तुमच्या समितीच्या अध्यक्षाने त्यातला एक रुपयाही पाहिला नसेल, फक्त सह्या केल्या असतील. तेव्हा बांधकामाचे कागद जिल्हा परिषदेकडे मागा: अंदाजपत्रक, कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिका (सगळे एमबीच म्हणतात), पूर्णत्वाचा दाखला, आणि योजना ताब्यात घेतल्याचा ग्रामपंचायतीचा ठराव.

माहिती अधिकाराची फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. त्या कायद्यात कागदांबरोबर कामाची पाहणी करण्याचा आणि मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एमबीत पाइप किती मीटर लिहिलाय ते घ्या आणि रस्त्यावर टेप टाका. खोली किती लिहिलीय ते पाहा आणि पाहणीला आलेल्या साहेबांसमोर दोन ठिकाणी खणायला सांगा. भाषण करायची गरजच पडत नाही.

उद्भवाचा, म्हणजे योजनेचं पाणी ज्या विहिरीतून किंवा बोअरमधून येतं त्या स्रोताचा, दाखलाही मागा. आपल्या भागात पाऊस धो-धो पडतो, पण खाली काळा कातळ, पाणी धरत नाही. डिसेंबरात भरलेली विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते. माणशी रोज 55 लिटर हे योजनेचं माप, ते बारमाही मिळेल हे कुणी आणि कुठल्या महिन्यात बघून लिहिलं? (शहापूरकरांना हा प्रश्न जास्तच झोंबतो. तानसा, मोडकसागर, भातसा सगळं आमच्या तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर. असो.)

समितीला खरं धरायचं ते रोजच्या पैशावर. पाणीपट्टी, वीजबिल, व्हॉल्वमनचा पगार, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, मोटरची दुरुस्ती, एवढंच. योजना बहुतेक याच पैशावर बंद पडतात. बिल थकतं, वीज कापली जाते, नळ कोरडा राहतो, मग लोक पट्टी भरत नाहीत, की बिल आणखी थकतं.

समितीत निम्म्या बायका असायला हव्यात, तशी आमची वहिनी कागदावर सदस्य होती. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मोटर जळली आणि बैठकीत रिवाइंडिंगचे साडेसात हजार वाचून दाखवले गेले. वहिनीच्या बचत गटातली एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तिला लिहिता-वाचता येत नाही. ती म्हणाली, "नवी तार घातली. जुनी तार कुठं गेली?" कुणाला कळेचना. तिचा मुलगा कल्याणला भंगारात काम करतो, त्यामुळे तिला ठाऊक होतं की जळालेल्या मोटरमधून दोन-तीन किलो तांबं निघतं आणि ते किलोवर विकलं जातं. खजिनदार म्हणाले, दुकानदाराने ठेवून घेतलं असेल. "मग बिलातनं वजा का न्हाई?" मला अकाउंट्समध्ये वीस वर्षं झाली, हा प्रश्न मला सुचला नसता.

त्यानंतर समाजमंदिराच्या भिंतीवर एक फळा लागला. महिन्याचे तीनच आकडे: जमा, खर्च, शिल्लक. खाली थकबाकीदारांची नावं लिहायची का यावर मोठा वाद झाला, शेवटी नाही लिहिली, मला ते बरोबरच वाटलं. पट्टी महिना 60 रुपये, 94 घरं. आधी अर्धीसुद्धा भरत नव्हती. आता दहा-बारा सोडली तर बाकीची भरतात, आणि त्या दहा-बारांत एक माजी सरपंच आहेत. पहिल्या महिन्याच्या जमेत एक ओळ होती, "जुने तांबे". दुकानदाराकडून वसूल करून आणलं होतं.

तुम्ही एवढं करा. पासबुक भरून आणायला सांगा, रोकडवही आणि पावत्यांच्या स्थळप्रती (पुस्तकात राहणारा अर्धा भाग) त्याच्याशी पडताळा. मोठे घोटाळे शोधू नका. बँकेतून काढलेली रक्कम आणि वहीतला खर्च, दोन्हींच्या तारखा जुळतात का एवढंच बघा.

आणि ग्रामसभा 1 मेची धरा. 15 ऑगस्टला बाहेर पाऊस कोसळत असतो, विहिरी तुडुंब, पाण्याचा विषय कुणाच्या डोक्यातही येत नाही. 1 मेला हंडे रांगेत असतात आणि चाकरमानी सुट्टीला आलेले असतात. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 100 किंवा 15 टक्के मतदार, यातलं जे कमी असेल ते. तेवढी माणसं न्यायचीच, कारण सभा तहकूब झाली की पुढच्या सभेला कोरम लागत नाही आणि नको ते ठराव तिथेच होतात. प्रश्न लेखी द्या, पोच घ्या. आईला पुढच्या रांगेत बसवा, आणि तुम्ही दाराशी उभे राहा.