प्रश्नोत्तरे : ‘झीरो फी’ ॲपवर साडेपाचशे गेले कुठे?

मुलाने सुचवलेल्या ॲपवर ‘झीरो फी’ लिहिलं होतं. 20,000 रुपयांचं बिटकॉइन घेतलं. दोन मिनिटांनी विक्रीची रक्कम पाहिली तर 19,450, तीही टीडीएस कापण्याआधीची. भाव तर जागचा हलला नव्हता! (निवृत्त बँक कर्मचारी, नौपाडा)

भाव हलला नाही, पण ॲपचे भावच दोन आहेत. सराफाकडे सोनं घेतानाचा भाव वेगळा आणि मोडतानाचा वेगळा, तसंच हे. या फरकाला स्प्रेड म्हणतात. तुमच्या व्यवहारात तो पावणेतीन टक्के पडला.

आता ‘फी घेणाऱ्या’ एक्स्चेंजचा (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या बाजाराचा) हिशोब बघा. समजा फी 0.2 टक्के. 20,000 वर 40 रुपये, त्या फीवर 18 टक्के जीएसटी म्हणजे 7 रुपये 20 पैसे. घेताना आणि विकताना मिळून 94 रुपये 40 पैसे. फुकटवाल्याने साडेपाचशे घेतले! ॲपमध्ये ऑर्डर बुक (घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या भावांची यादी) असेल तर तिथे लिमिट ऑर्डर लावा, म्हणजे आपला भाव आपणच ठरवून द्या. ‘इन्स्टंट बाय’चं मोठं बटण आपल्या सोयीसाठी नसतं.

मी ऐरोलीत आयटीत आहे. रोज छोटे ट्रेड करतो. मेकर फी कमी असलेलं एक्स्चेंज शोधतोय. कोणतं घेऊ?

नाव सांगणार नाही. मुळात तुमचा प्रश्न चुकीच्या आकड्यावर अडकलाय.

मेकर म्हणजे ऑर्डर लावून वाट बघणारा, टेकर म्हणजे समोर लागलेली ऑर्डर उचलणारा. मेकरला बहुतेक ठिकाणी सवलत असते, आणि वाट बघायची तयारी असेल तर ती घ्यावी. पण 50,000 रुपये महिन्यात वीस वेळा फिरवलेत, तर वरच्याच दराने फी आणि जीएसटी मिळून 4,720 रुपये जातात. शिवाय प्रत्येक विक्रीवर एक टक्का टीडीएस, म्हणजे सुमारे 10,000 रुपये अडकतात. टीडीएस ही फी नव्हे, रिटर्न भरताना तो करात वळता होतो, जास्तीचा परत मिळतो. पण तोवर तुमचं भांडवल सरकारकडे.

खरी मेख पुढे आहे. नफ्यावर 30 टक्के कर, वर सेस. नफा काढताना फक्त खरेदीची किंमत वजा होते, विक्रीची फी नाही. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही. वर्षअखेर हाती काही उरलं नाही तरी कर लागलेला, अशी माणसं मार्च सरला की माझ्यासमोर येऊन बसतात. मेकर-टेकरमधल्या पाव-अर्ध्या दशांश टक्क्याने त्यांचं काही भलं झालं नसतं. ट्रेड कमी करा.

यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं कॉइन) दुसऱ्या वॉलेटमध्ये पाठवायला एकाच एक्स्चेंजवर दोन नेटवर्कची फी वेगळी का? (वाशी)

ती नेटवर्कच्या, म्हणजे ज्या ब्लॉकचेनवरून पैसे जातात तिच्या, खर्चावरून ठरते, टक्क्याने नव्हे. समजा 5 यूएसडीटी लागतात. 50 पाठवलेत तर दहा टक्के गेले, 5,000 पाठवलेत तर एक दशांश टक्का. म्हणून थोडंथोडं पाठवू नका.

मात्र स्वस्त पडतं म्हणून एखादं नेटवर्क निवडण्याआधी समोरचं वॉलेट ते नेटवर्क घेतं का, ते बघा. ठाण्याहून पनवेलऐवजी कल्याणची लोकल पकडली तर कळव्याला उतरून परतता येतं. इथे पैसे परत येतीलच असं नाही. आधी अगदी थोडी रक्कम पाठवून बघा, एक फी जादा गेली तरी चालेल.

फ्यूचर्सची फी 0.05 टक्केच आहे. स्पॉटपेक्षा स्वस्त ना? (कळवा)

कशाच्या 0.05 टक्के? स्पॉटमध्ये कॉइन तिथल्या तिथे हातात येतं, फ्यूचर्समध्ये नुसता भावावरचा सौदा असतो. तुम्ही 5,000 लावून दहापट लिव्हरेज घेतलंत, म्हणजे दहापट रकमेचा सौदा केलात, तर फी 50,000 वर लागते. जीएसटीसकट जाता-येता 59 रुपये, म्हणजे तुमच्या खिशातल्या पैशाच्या 1.18 टक्के. पोझिशन (उघडा सौदा) रात्रभर ठेवलीत तर फंडिंग (सौद्याच्या एका बाजूने दुसरीला द्यायची रक्कम) वेगळं, अनेक ठिकाणी दर आठ तासांनी. ते कधी द्यावं लागतं, कधी मिळतंही. स्टेटमेंटमध्ये त्याची ओळ फीपासून वेगळी असते, ती उघडून बघा.