टेक्सासला येतेस, तर इथला आमदार कोण तेही बघ

नवऱ्याची बदली डॅलसजवळ होतेय, कॉलिन काउंटीत घर बघतोय, पण तिथला आमदार कडवा रिपब्लिकन आहे असं वाचलं, तर आपल्याला त्रास होईल का, असं तू विचारलंस. व्हिसा, लायसन्स, बँक हे सगळं कंपनी सांगेलच. मी आमदाराचंच लिहिते. इतकी वर्षं इथे राहूनही नागरिकत्व नसल्याने या माणसाला मला कधी मत देता आलेलं नाही, पण त्याने ऑस्टिनला, म्हणजे टेक्सासच्या राजधानीत, कुठे हात वर केला हे मत देणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांपेक्षा मला जास्त ठाऊक आहे. याचं काय करायचं ते कळत नाही.

जेफ लीच. पेशाने वकील, २०१२ साली निवडून आला, जानेवारी २०१३ पासून ६७व्या मतदारसंघाचा आमदार. इथलं अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच, १४० दिवसांचं. पगार महिन्याला ६०० डॉलर. माझ्या धाकटीच्या डे-केअरचे दोन आठवडेही त्यात भागले नसते.

कडवा आहे का? गर्भपातावर साधारण सहा आठवड्यांनंतर बंदी घालणाऱ्या २०२१च्या कायद्याला त्याने पाठिंबा दिला. पण २०१९ मध्ये गर्भपात करणाऱ्या बाईला फाशीपर्यंत नेऊ शकणारं विधेयक आलं होतं, तेव्हा समितीचा अध्यक्ष हाच. सुनावणी घेतली आणि विधेयक पुढे जाऊ दिलं नाही. त्यासाठी स्वतःच्याच लोकांच्या शिव्या खाल्ल्या. २०२३ मध्ये ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचा मुख्य सरकारी वकील, केन पॅक्स्टनवर महाभियोग १२१ विरुद्ध २३ मतांनी मंजूर झाला, त्या १२१ जणांत हाही होता. पॅक्स्टन त्याचा जुना मित्र. तरी राज्याच्या सिनेटसमोरच्या खटल्यात त्याच्याविरुद्ध बाजू मांडायला उभा राहिला. पॅक्स्टन सुटला, आणि पुढच्या प्राथमिक (पक्षांतर्गत) निवडणुकीत त्याने लीचच्या विरोधकाला पाठिंबा दिला. लीच तरीही जिंकला. २०२४ मध्ये रॉबर्ट रॉबर्सन या कैद्याची फाशी ऐन दिवशी थांबली, ती थांबवण्याच्या धावपळीतही लीच पुढे होता. हे वाचताना मला तो आवडायला लागतो, आणि मग शाळेची आठवण येते.

टेक्सासमध्ये दर विद्यार्थ्यामागे शाळेला मिळणारी मूळ रक्कम २०१९ पासून ६,१६० डॉलरवर अडकली होती. महागाई वाढत गेली, आकडा तोच. २०२३ मध्ये राज्याच्या तिजोरीत तब्बल ३२.७ अब्ज डॉलर शिल्लक होते. पण गव्हर्नरला खासगी शाळांसाठी सरकारी पैसे हवे होते, आणि सरकारी शाळांची वाढ त्याच विधेयकाला बांधून ठेवली. नोव्हेंबरमध्ये २१ रिपब्लिकनांनी डेमोक्रॅटांसोबत जाऊन खासगी शाळांचा भाग ८४ विरुद्ध ६३ने काढून टाकला. त्या २१ जणांत लीच नव्हता. पुढे अख्खं विधेयकच बारगळलं, शाळांच्या हाती काही आलं नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये रात्री उशिरापर्यंत चर्चा होऊन एक अब्ज डॉलरची खासगी शाळांची योजना मंजूर झाली. रिपब्लिकनांपैकी फक्त दोघे विरोधात गेले, लीच त्यांत नव्हता. शाळांच्या मूळ रकमेत वाढ झाली ती ५५ डॉलरची.

मधल्या काळात आमच्या घराजवळची शाळा बंद झाली. कारण एकट्या आमदाराचं नाही, हे मान्य. इथे घरं महागली, लहान मुलांची कुटुंबं उत्तरेकडे सरकली, पटसंख्या घटली. पण आम्ही घर घेतलं ते त्या शाळेसाठी. थोरल्याची तिथली वर्षं झाली, धाकटीला ऐन सातवीत दुसरीकडे जावं लागलं, मैत्रिणी तीन दिशांना पांगल्या. शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या सभेत बोलायला नागरिकत्व लागत नाही. मी बोलले, सभ्यपणे ऐकून घेतलं, पुढचं नाव पुकारलं.

आता माझं खरं दुखणं. थोरला पुण्यात जन्मलेला, आमच्याच व्हिसावर. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग माहीत आहेच, एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. मुलगा एकवीसचा झाला की आमच्या अर्जातून बाहेर पडेल आणि ज्या गावात वाढला तिथे राहायला स्वतःचा वेगळा व्हिसा शोधेल. हे लीचच्या हातात नाही, वॉशिंग्टनचं काम. तरी राग त्याच्यावरच निघतो, कारण किराणा दुकानाच्या रस्त्यावर पाट्या त्याच्या असतात. नवरा म्हणतो, तू त्या माणसावर उगाच जळतेस. असेलही.

एकटेपणा? पहिला हिवाळा जड जातो. मग मंडळ आहे, गणपती आहेत, फ्रिस्कोला मारुतीचं देऊळ आहे. त्याचा फार बाऊ करू नकोस.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, रोजच्या जगण्यात त्रास होणार नाही. शेजारी चांगले आहेत, त्यांतले बरेच लीचला मत देतात आणि आमच्याकडे दिवाळीचा फराळ खातात. फक्त पहिलं वर्ष भाड्याने राहा. शाळा बघून घर घ्यायचं असेल, तर त्या डिस्ट्रिक्टच्या बोर्डाची गेल्या दोन वर्षांची इतिवृत्तं आधी चाळ. पटसंख्या कुठे घसरतेय ते त्यात सरळ दिसतं. मालमत्ता कर भारतातून दिसतो त्यापेक्षा भारी पडतो, तो हप्त्यात धरूनच हिशोब कर.