‘बेटावरच्या डिग्रीला कोण विचारतं?’

मार्च उजाडला की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या पालकांचे प्रश्न बदलतात. जानेवारीपर्यंत ‘अभ्यास करत नाही’ असतं, मार्चपासून ‘प्रवेश मिळालाय, पण या विद्यापीठाचं नाव कोणी ऐकलंय?’ हे सुरू होतं. असे वीस-पंचवीस पालक तरी दरवर्षी भेटतात. त्यातल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कुडाळकडचं कुटुंब. वडील जिल्हा पातळीवरच्या एका सहकारी बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेले, आई घर आणि बाग सांभाळणारी. मुलीनं गोव्यात सागरविज्ञानात एम.एस्सी. केलेलं. तिला हवाई बेटांवरच्या सरकारी विद्यापीठात, होनोलुलूतल्या मानोआ इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ हवाईमध्ये, समुद्रशास्त्राच्या पीएचडीला प्रवेश मिळाला होता. फी माफ होती आणि संशोधन-सहायक म्हणून दरमहा मानधनही. १५ एप्रिलपर्यंत होकार कळवायचा होता, आणि घरात तीन आठवडे कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

वडिलांनी टेबलावर फाईल ठेवली. जगातल्या विद्यापीठांच्या क्रमवारीच्या छापील प्रती, त्यावर पिवळ्या पेनच्या रेघा. म्हणाले, "मॅडम, हवाई म्हणजे लोक फिरायला जातात ते ठिकाण. आमचे शेजारी म्हणतात, पोरगी हवाई शिक्षण घ्यायला चालली. बेटावरच्या डिग्रीला उद्या कोण विचारतं?"

मुलगी खिडकीबाहेर बघत होती. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मी क्रमवारीवर बोलले नाही. "कोण विचारेल अशी धास्ती वाटते, काका?" एवढंच विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग खरं ते बाहेर आलं. त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा चार वर्षांपूर्वी एका एजंटमार्फत परदेशी शिकायला गेला होता. कॉलेज म्हणजे एका इमारतीतला एक मजला निघाला. दीड वर्षात ते बंद पडलं, पोरगा हात हलवत परत आला आणि कर्ज मात्र अजून फिटतंय. त्या कर्जाला जामीन हेच काका. आता ‘नाव ऐकलेलं नाही’ हे तीन शब्द ऐकले की त्यांच्या पोटात गोळा येत होता.

ही भीती समजुतीच्या चार गोड शब्दांनी जात नाही. आयुष्यभर नोटा तपासलेल्या माणसाला स्वतः तपासू द्यावं लागतं. मी संगणक त्यांच्याकडे वळवला. अमेरिकेच्या शिक्षण खात्याची मान्यताप्राप्त संस्थांची यादी सगळ्यांना खुली आहे, त्यात त्यांनीच शोधलं. मानोआला कुठल्या मानांकन-मंडळाची मान्यता आहे ते त्यांनीच वाचून कागदावर उतरवलं. मग मी म्हटलं, "आता ही संस्था काढली कोणी आणि कशासाठी, ते बघू." एखाद्या संस्थेची पत कळायला तिचा जन्म बघावा, हे मी प्रत्येक पालकाला सांगते. पैसे करायला काढलेलं कॉलेज आणि गरजेतून उभं राहिलेलं कॉलेज यांच्या इतिहासातच फरक दिसतो.

आदल्या रात्री मीही बसून वाचलं होतं. या विद्यापीठाची सुरुवात १९०७ मध्ये झाली, शेती आणि यंत्रविद्या शिकवणारं कॉलेज म्हणून. १९०८ मध्ये वर्ग भरले तेव्हा विद्यार्थी १० आणि शिक्षक १३, तेही होनोलुलूच्या यंग स्ट्रीटवरच्या तात्पुरत्या जागेत. १९१२ मध्ये कॉलेज मानोआच्या खोऱ्यात आलं. तिथली पहिली पक्की इमारत, हवाई हॉल, आजही उभी आहे. पण त्याचं ‘विद्यापीठ’ झालं ते एका अर्जामुळे. कॅलिफोर्नियाचा किनारा तिथून जवळजवळ ३,९०० किलोमीटर. ज्यांना पैसे होते ते मुलांना बोटीनं तिकडे पाठवायचे, बाकीच्यांची मुलं तिथेच थांबायची. तेव्हा चिनी वंशाच्या विल्यम क्वाय फाँग याप यांनी लोकांच्या सह्या गोळा केल्या आणि १९१९ मध्ये कायदेमंडळासमोर मागणी ठेवली, की आमच्या मुलांना इथेच पूर्ण विद्यापीठ द्या. १९२० मध्ये ते मिळालं.

"हे याप काय करायचे माहीत आहे, काका? बँकेत कॅशियर होते."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कॅशियर?" म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी मुलीकडे वळून पाहिलं.

पुढच्या आठवड्यात मुलगी एकटी आली. रागावलेली होती. "बाबांना काय सांगू? त्यांना काय कळणार त्यातलं?" हे मी इतक्या मुलांकडून ऐकते की आता मी त्याच जागी थांबते. मी विचारलं, "तू तिथे नेमकं काय करणार आहेस ते त्यांना एकदा तरी सांगितलंस?" नव्हतं सांगितलं. ‘पीएचडी’, ‘फुल फंडिंग’, ‘तुम्हाला नाही समजणार’ यापलीकडे तीन आठवड्यांत घरात एक वाक्य गेलं नव्हतं. मग वडिलांच्या हातात क्रमवारीशिवाय दुसरं होतंच काय? तिला हे टोचलं. टोचायलाच हवं होतं. पुढच्या भेटीत तिनं बाबांना काम दाखवायचं, इंग्रजी शब्द शक्यतो टाळून, असं ठरलं.

ती भेट माझ्या लक्षात राहिली आहे. तिनं माझ्याकडचे स्टीलचे सहा पेले मागून घेतले, गोल मांडले आणि भोवती आईच्या पर्समधली दोरी गुंडाळली. "बाबा, लोखंडी कडं असतं. त्याला अशा चोवीस उभ्या बाटल्या. दोन्ही बाजूंनी उघड्या. जहाजावरून तारेनं खाली सोडायचं, पार तळापर्यंत. वर ओढताना ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली बंद करायची. म्हणजे चार हजार मीटरचं पाणी चार हजारचंच राहतं, हजारचं हजारचं. वर आलं की प्रत्येकाचं तापमान, खारेपणा, प्राणवायू मोजायचा, नोंद करायची."

होनोलुलू ज्या बेटावर आहे, त्या ओआहूच्या उत्तरेला सुमारे १०० किलोमीटरवर समुद्रात एक जागा ठरवलेली आहे. तिला स्टेशन अलोहा म्हणतात. खोली जवळपास पावणेपाच किलोमीटर. डेव्हिड कार्ल, रॉजर लुकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये तिथे मोजमाप सुरू केलं. तेव्हापासून साधारण दर महिन्याला विद्यापीठाची माणसं जहाज घेऊन तिथे जातात आणि त्याच ठिकाणचं पाणी काढतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो तसं समुद्राचं पाणी हळूहळू आम्लाकडे झुकतं, हे ज्या नोंदींमुळे आकड्यांत दिसलं, त्यात या जागेच्या नोंदी फार मोलाच्या आहेत. आपल्या मुंबईसमोर शेकडो किलोमीटर गेलं तरी पाणी उथळच. तिथे बंदर सोडलं की रात्रीत खोल महासागर. त्या विद्यापीठाचं बेटावर असणं हेच त्याचं भांडवल आहे. मुलीनं हे वडिलांना पेल्यांमधून समजावलं.

काका पेल्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दर महिन्याला? तीच जागा? अठ्ठ्याऐंशीपासून?"

"हो."

"म्हणजे ही किर्द झाली. समुद्राची किर्द." मग जरा थांबून, "आणि एखाद दिवशी टॅली लागली नाही तर?"

मुलगी हसली. "तर परत मोजायचं, बाबा. टॅली लागेपर्यंत झोप नाही."

"बरोबर," ते म्हणाले. "माझंही तसंच होतं. एकदा साडेतीनशे रुपये जमेना म्हणून रात्री साडेनऊपर्यंत बसलो होतो." पिवळ्या रेघांची फाईल त्यानंतर त्यांनी माझ्याकडे कधी आणली नाही.

आईचा प्रश्न निराळा होता आणि तो तिसऱ्या भेटीपर्यंत कोणी विचारलाच नव्हता. मी विचारलं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "माका भीती वाटता, बाई. दर्या चारी बाजूंनी." टीव्हीवर २०२३ मधली हवाईतल्या लाहायना गावाची आग पाहिली होती, त्सुनामीचं ऐकलं होतं. ‘काही होत नाही हो’ असं मी म्हटलं नाही, कारण ते खरं नाही. १ एप्रिल १९४६ च्या त्सुनामीनं हवाई बेटांवर दीडशेहून अधिक माणसं गेली. मी ते सांगितलं आणि पुढचंही सांगितलं. त्यानंतर तीनच वर्षांत तिथे इशारा केंद्र उभं राहिलं आणि आज ते साऱ्या पॅसिफिकवर नजर ठेवतं. लाहायना माउई या वेगळ्या बेटावर आहे आणि मानोआचं आवार किनाऱ्यापासून आत, डोंगरांच्या खोऱ्यात. त्यांनी नकाशावर बोट ठेवून खोरं पाहिलं. "पाऊस कसो?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. खोऱ्यात भरपूर पडतो, हे ऐकून त्यांचा चेहरा निवळला. पावसाचं गाव परकं वाटत नाही कोकणातल्या माणसाला.

आजीनं निरोप पाठवला होता, "मुलीच्या जातीनं एवढ्या लांब जाऊन काय करायचं?" त्याचं उत्तर मी मुलीकडेच सोपवलं. तिनं आजीला पॅट्सी मिंक यांची गोष्ट सांगितली. माउईत जन्मलेली, जपानी वंशाची मुलगी. १९४८ मध्ये याच विद्यापीठातून प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाली. डॉक्टर व्हायचं होतं, पण एकामागून एक मेडिकल कॉलेजांनी नाकारलं. त्या काळी फार थोड्या बायकांना तिथे दार उघडायचं. मग ती वकील झाली, १९६४ मध्ये अमेरिकेच्या संसदेत निवडून गेली आणि १९७२ च्या त्या कायद्यासाठी झटली, ज्यामुळे सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला बाई म्हणून कोणाला दार बंद करता येत नाही. आजी ऐकून म्हणाल्या म्हणे, "मग ती डॉक्टर झाली नाही ते बरंच झालं."

शेवटच्या भेटीत पैशांचं बोलणं झालं. ते लवकर आटोपलं, कारण आता तिघंही एका बाजूला बसले होते. होनोलुलू महाग आहे. बहुतेक सगळं जहाजानं येतं, त्यामुळे दूधसुद्धा महाग. मानधनात भागेल, पण खोली वाटून घ्यावी लागेल, घरी पैसे पाठवायची अपेक्षा नको. काकांनी वहीत आकडे मांडले.

एक गोष्ट मात्र मी मुलीशी मुद्दाम बोलले. हवाई हे १८९३ पर्यंत स्वतंत्र राज्य होतं. राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत करण्यात आलं आणि १८९८ मध्ये अमेरिकेनं बेटं आपल्यात जोडून घेतली. १८९६ च्या कायद्यानं शाळांतून हवाईयन भाषा हद्दपार झाली आणि दोन पिढ्यांत ती घराघरांतून ओसरली. १९७८ मध्ये ती राज्याची अधिकृत भाषा झाली आणि आज याच विद्यापीठाच्या हिलो इथल्या आवारात त्या भाषेच्या पुनरुज्जीवनाची पीएचडीसुद्धा करता येते. दुसरीकडे, ४,२०५ मीटर उंच मौना केआ या तिथल्या लोकांना पवित्र असलेल्या पर्वतावर दुर्बिणी उभ्या आहेत. ती जमीन विद्यापीठाकडे भाडेपट्ट्यानं आहे. तिथे होऊ घातलेल्या तीस मीटरच्या दुर्बिणीत भारतही भागीदार आहे, आपल्या पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था आयुकाही. २०१९ मध्ये त्या दुर्बिणीला विरोध म्हणून तिथले वयोवृद्ध लोक पर्वताच्या रस्त्यावर बसले आणि पोलिसांनी त्यांना उचललं. मी तिला म्हटलं, "तू चांगलं विज्ञान करायला चाललीस, पण पाहुणी म्हणून चाललीस. ती माती कोणाची आहे ते विसरू नकोस." तिनं मान हलवली. प्रकल्प आला की गावाचं काय होतं, हे सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या मुलीला मी वेगळं सांगायची गरज नव्हती.

१० एप्रिलला तिनं होकार कळवला. ऑगस्टमध्ये ती गेली.

कुडाळ आणि होनोलुलू यांच्यात साडेपंधरा तासांचं अंतर आहे. आई सकाळी आठला, देवापुढे दिवा लावून झाला की फोन करतात. तिकडे आदल्या दिवशीचे दुपारचे साडेचार वाजलेले असतात. त्या मला म्हणाल्या, "आमचो सोमवार सुरू झालो तरी तिचो रविवार संपणा नाय."

नोव्हेंबरमध्ये काकांचा मेसेज आला. सोबत बँकेच्या जुन्या डायरीच्या पानाचा फोटो होता. निळ्या शाईत, कॅशियरच्या त्या ठसठशीत अक्षरात डावीकडे खोली, उजवीकडे तापमान. वर २५ अंश, एक हजार मीटरवर ४, चार हजार मीटरवर दीड. खाली लिहिलं होतं: ‘पहिली खेप झाली. सगळ्या बाटल्या नीट बंद झाल्या. टॅली लागली.’