पळायला जाताना कसला प्लेअर घ्यावा?

भावा, रंकाळ्याला पळताना मोबाईल दंडावर आपटून वैताग आलाय ना, मग गाणी ऐकायला छोटा प्लेअर घेच. पण आधी बटणं बघ. टचस्क्रीनचा नकोच, घामेजलेल्या बोटाला तो दाद देत नाही. दुकानातच, न बघता, नुसत्या अंगठ्यानं गाणं बदलून बघ. जमलं तरच पैसे काढ. मागची क्लिप टी-शर्टला लावून चार उड्याही मार. दुकानदार हसला तर हसू दे.

पावसात पन्हाळा चढणार असशील तर आयपीएक्सचा आकडा विचार, म्हणजे प्लेअर किती पाणी सोसतो ते कळतं. ४ म्हणजे नुसते शिंतोडे, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पोहायला मात्र ब्लूटूथ कामाचं नाही, पाण्याखाली सिग्नल टिकत नाही. आणि भिजलेला प्लेअर तसाच चार्जिंगला लावू नकोस.

पन्हाळ्याच्या घाटात एक कान मोकळा ठेव, एसटी मागनं कधी येईल सांगता येत नाही.

मेमरीसाठी जादा पैसे घालवू नकोस. ३२० केबीपीएसचं, म्हणजे चांगल्या दर्जाचं, पाच मिनिटांचं गाणं साधारण १२ एमबीचं. ८ जीबीत सहाशे आरामात मावतात. एवढी ऐकतंय कोण? फक्त ती एमपी३ फाईलमध्ये हवीत. ॲपमध्ये डाउनलोड केलेली गाणी असल्या साध्या प्लेअरवर वाजत नाहीत.